पट्टीसकट माप

फुटबॉल खेळायचो असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती गोल केलेत? मला या प्रश्नाचा जाम राग येतो. आठ हंगाम मी कंपनीच्या टीममधून राइट हाफ खेळलो आणि माझ्या नावावर दोन गोल आहेत. त्यातला एक आपल्याच गोलात. झालं समाधान? हल्ली त्या जागेला मिडफिल्डर म्हणतात, आमच्या वेळी नुसतं हाफ म्हणायचे. मागच्या बॅकने कसाबसा काढलेला चेंडू घ्यायचा, पुढच्या फॉरवर्डला नीट द्यायचा, आणि समोरचा कोणी घुसायला लागला की त्याच्या अंगाला चिकटून राहायचं. गोल झाला की पुढच्यांची पाठ थोपटणार, गोल खाल्ला की मागच्यांना शिव्या. लग्नघरातल्या आचाऱ्याचं असतं ना, तसं आमचं. पंगत उठेपर्यंत त्याचं नाव कोणी काढत नाही, आणि काढलंच तर समजावं, भाजी खारट झाली.

तेव्हा नुसता फुटबॉल खेळून पोट भरायची सोय नव्हती. पण कंपन्यांना आपली टीम लीगमध्ये असावी अशी हौस असायची आणि त्या हौसेपोटी खेळाडूंना नोकऱ्या मिळायच्या. सकाळपासून तीनपर्यंत कामगार, तीननंतर खेळाडू. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये पंप बनवायचा एक कारखाना होता, तिथे मला स्टोअर्समध्ये घेतलं. घाटकोपरच्या मैदानावर आमच्या चाळीच्या टीमकडून खेळताना मला त्या कारखान्याच्या कप्तानाने हेरलं होतं. कप्तान मूळचा गोराईचा. घरची मासेमारी, थोडी भातशेती, आणि हा स्वतः कारखान्यात रंगखात्यात. आठवडाभर भांडुपला खोली करून राहायचा आणि सुटी मिळाली की होडी धरून गोराईला पळायचा. खेळायचा सेंटर हाफ, म्हणजे माझ्या अगदी शेजारी. त्याचा आवाज असा की मैदानाबाहेरची गाढवंसुद्धा आपापली जागा धरायची.

नोकरी लागली खरी, पण हंगामी. सहा-सहा महिन्यांची चिठ्ठी. ती संपली की नवी मिळेपर्यंत जीव टांगणीला. आमच्या स्टोअर्सचे साहेबच टीमचे सेक्रेटरी होते. त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, कंपनीने ते काम त्यांच्या गळ्यात मारलं होतं, पण फाइल मात्र चोख. दोन वर्षं झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, की हा हंगाम नीट जाऊ दे, मग तुझं नाव कायम करायला वर पाठवतो. वडील गिरणीतून सुटून गावी कोकणात राहायला गेले होते आणि घाटकोपरच्या खोलीत मी आणि आई दोघंच. मी पंचविशी गाठलेली. मुली सांगून यायच्या, पण "परमनंट आहे का हो?" इथे गाडी अडायची. आई संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की आधी तेच विचारायची, "झालंस मां रे परमनंट?" आणि मग चहा.

आता मुख्य भानगड. आम्ही सगळे अनवाणी खेळायचो. हसू नका. त्या वेळी निम्मी मुंबई अनवाणीच खेळायची, आणि झकास खेळायची. जुन्या धोतराच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या आणि टाच, घोटा नि पायाचा मधला भाग त्यात घट्ट गुंडाळायचा. बोटं तेवढी मोकळी. ही पट्टी बांधणं म्हणजे आमचा सोहळा असायचा. कोणी आधी डावा पाय बांधणार, कोणी पट्टीला नमस्कार करणार, आमचा गोलकीपर तर पट्टी बांधताना कोणाशी बोलायचा नाही. माझी सगळी विद्या उजव्या पायाच्या अंगठ्यात होती. समोरच्याच्या दोन पायांमधून मी अंगठ्याने चेंडू असा अलगद काढून घ्यायचो, की त्याला दोन पावलं पुढे गेल्यावर कळायचं.

आणि त्या वर्षी नियम आला. पुढच्या हंगामापासून लीगमध्ये बूट घातल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही. कप्तान दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. मग कंपनीने बुटांसाठी पैसे मंजूर केले आणि साहेबांनी मला बोलावून सांगितलं की शहरातला एक बूटवाला आहे, त्याला सगळ्यांच्या पायांची मापं पाठव, तो तशी जोडी बनवून देईल.

सगळ्यांची मापं. आमच्यातल्या एकालाही आपल्या पायाचा नंबर माहीत नव्हता. चपला घ्यायच्या त्या पायात घालून बघून. मी डोकं लढवलं. पॅकिंगचा तपकिरी कागद घ्यायचा, त्यावर पाय ठेवायचा आणि पेन्सिलीने कड काढायची. पण हंगाम संपत आला की सराव ढेपाळायचा, सगळे एकत्र यायचे ते फक्त सामन्याच्या दिवशी. म्हणून मी हंगामातल्या शेवटच्या सामन्याआधी कागदाची गुंडाळी घेऊन मैदानावर गेलो. सगळ्यांच्या पट्ट्या बांधून झालेल्या होत्या. एकाने विचारलं, पट्टी सोडू का? मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, आपण खेळतो पट्टी बांधून, तर माप पट्टी सोडून कसं घेणार? सगळ्यांना ते इतकं पटलं की दोघा-तिघांनी पट्टी आणखी आवळून घेतली. चौदा जणांची मापं मी त्या दिवशी काढली, प्रत्येक कागदावर नाव लिहिलं, आणि साहेबांनी माझ्या व्यवस्थितपणाचं कौतुक केलं.

दीड महिन्याने बूट आले. काळेभोर, जाड कातड्याचे, तळाला पकड घ्यायला कातड्याचेच स्टड. सोबत कंपनीने लोकरीचे मोजे दिले. कप्तानाने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि छोटंसं भाषण ठोकलं, की आजपासून आपण बूटवाले, आता ती धोतरं फेकून द्या. आम्ही पट्ट्या गोळा करून कारखान्याच्या भट्टीत टाकल्या. दोघा-तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मोजे चढवले, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि धावायला लागलो.

वाट लागली. पाय पुढे जायचा आणि बूट मागून यायचा. बोटांकडे ठीक, पण टाच पुचपुच वरखाली व्हायची. लेफ्ट बॅकने चेंडू मारला तो राहिला जागेवर आणि बूट गेला कुंपणाबाहेर. कोणी हसेना. सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी बूटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तुमच्या कागदाबाहेर एक सूत गेलो असेन तर दाखवा. आणि माणूस खरं बोलत होता.

साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट. "मापं कोणी घेतली?" म्हटलं, मी. मग त्यांनी सरळ सांगितलं. दुसऱ्या जोड्यांना मंजुरी मिळणार नाही. याच बुटांत हंगाम काढायचा. टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकली तर ठीक. खाली घसरली तर कंपनी टीमच बंद करेल, तसं वरून आलेलंच आहे, आणि टीम नसेल तर फुटबॉलसाठी घेतलेल्या हंगामी माणसाची चिठ्ठी पुढे चालवायला माझ्याकडे कारण उरणार नाही. बाकीचे सगळे कायम झालेले होते. लटकलेला मी एकटा, आणि दोर मीच वळलेला.

हंगाम सुरू झाला. आम्ही मशीनखात्यातल्या कापसाच्या चिंध्या आणून बुटांच्या पुढच्या टोकात कोंबल्या. त्याने बोटं आवळली, टाच होती तिथेच. पहिले तीन सामने आम्ही ओळीने हरलो. चिखलात बूट रुतून राहायचा आणि माणूस मोज्यावर पुढे पळायचा, मग परत यायचा. बघ्यांना आमचा सामना म्हणजे फुकटचा तमाशा. माझ्या अंगठ्याची तर कत्तलच झाली होती. चेंडू पायाला लागलाय की नाही हेच कळेना. टीममध्ये मला सगळे मोजणीदार म्हणायला लागले. मोजणीदार, पास दे. मोजणीदार, आज आभाळाचं माप घेतलंस का? मी दात काढून हसायचो, आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचो.

कप्तान मात्र माझ्यावर एकदाही चिडला नाही. त्याचं म्हणणं असं, की पायाला बुटाची सवय नाही हीच अडचण आहे, सवय होईपर्यंत बूट पायातून काढू नका. बाकीच्यांनी हो-हो म्हणून सोडून दिलं. मी ते देवाचं वाक्य समजून बसलो. स्टोअर्समध्ये बूट, बाजारात बूट, चाळीच्या गॅलरीत खाडखाड बूट. खालच्या मजल्यावरच्या म्हातारबाने वर येऊन विचारलं, घोडा पाळलाय काय?

आणि त्यातच एका रविवारी अंधेरीला मुलगी बघायला जायचं ठरलं. आईने स्वच्छ धोतर काढून ठेवलं, कोट काढून ठेवला, आणि मी ते सगळं घालून वर बूट चढवले. आई हादरलीच. "मेल्या, तुका खूळ लागला काय? लोकां काय म्हणतली?" मी म्हटलं, कप्तानाने सांगितलंय. ती म्हणाली, मग कप्तानाकच विचार मुलगी. पण उशीर होत होता, म्हणून निघालो. दादरला गाडी बदलून अंधेरीला उतरेपर्यंत ती माझ्यापासून चार हात लांब चालत होती.

मुलीचे वडील फोर्टातल्या कुठल्याशा ऑफिसात हेडक्लार्क होते. शिस्तीचा माणूस. दोन खोल्यांची जागा, समोर पेरूचं झाड. मी दारात बूट काढले, तेव्हा उजव्या बुटातून तेलकट चिंध्यांचा बोळा बाहेर आला. मी तो पटकन आत ढकलला. कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं. मध्यस्थाने आमच्याबद्दल आधीच सांगून ठेवलेलं होतं, मुलगा कंपनीत आहे, स्टोअर्समध्ये आहे, खेळाडू आहे. हंगामी आहे हे त्याने सांगितलं नव्हतं आणि आईनेही सांगायचं नाही असं बजावलं होतं. पोहे आले. मुलगी आली, खाली मान घालून बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक काय काय येतो, झालं. मग आईने, सगळ्या मुलांच्या आया म्हणतात तसं, म्हणायचं म्हणून म्हटलं, तुलाही काही विचारायचं असेल तर विचार हो. यावर मुलीने मान हलवायची असते. हिने मान वर केली.

"दारातले बूट तुमचे ना? त्यात चिंध्या का भरल्यात?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण महिनाभर त्या बुटांवरून कोणी मला सरळ प्रश्नच विचारला नव्हता, नुसते टोमणे. माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. नियम, तपकिरी कागद, पट्ट्या, भट्टी, तीन हरलेले सामने, साहेबांची केबिन. आणि त्या भरात हेही सांगून बसलो की टीम घसरली तर माझी नोकरी जाणार, कारण मी परमनंट नाही. आईने पदर तोंडाला लावला. मध्यस्थ छताकडे बघायला लागला. मुलीचे वडील खुर्चीत ताठ झाले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, की तुम्ही स्पष्ट सांगितलंत हे चांगलं केलंत, तर मीही स्पष्ट सांगतो. आधी परमनंट व्हा, मग पुढचं बोलू. तोवर आम्ही दुसरीकडे बघत राहणार.

विषय संपला होता. आई उठायच्या बेतात होती. तेवढ्यात ती मुलगी, जिच्यासाठी आता मी कोणीच नव्हतो, रिकाम्या बशा उचलता उचलता म्हणाली, "माप पट्टी बांधून घेतलंत, मग बूट घालताना पट्टी का काढलीत?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. चौदा खेळाडू, एक कप्तान, एक साहेब, मशीनखात्यातले यच्चयावत शहाणे, एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. पट्टी म्हणजे अनवाणी, बूट म्हणजे मोजे, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं. मी उठलो, सगळ्यांना नमस्कार केला, कोणाला दोनदा केला, आणि आईला तिथेच सोडून स्टेशनकडे पळत सुटलो. आईने ते मला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

कप्तान नुकताच गोराईहून परतून भांडुपच्या खोलीत जाळं शिवत बसला होता. मी सांगितलं. तो असा हसला की जाळ्यातच आडवा झाला. मग डोळे पुसत त्याने विचारलं, कोणी सांगितलं रे तुला? मी म्हटलं, एका मुलीने. त्याचं डोकं खेळातच. त्याने विचारलं, कुठल्या टीमकडून खेळते? मी त्याला बघण्याचा कार्यक्रम सांगितला आणि वडिलांची अटही सांगितली. तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, लेका, अशी पोरगी हातची जाता कामा नये, काय वाटेल ते झालं तरी टीम खाली जाऊ द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी चौदा घरांतली जुनी धोतरं फाटली. टाचेला आणि घोट्याला पट्टी, वर बूट. बूट पायाला असे बसले की जणू पायावरच शिवलेत. मंडळी मैदानभर नुसती उड्या मारत होती. पुढच्या सामन्यात आम्ही हरलो नाही, त्यापुढचा जिंकलो, मग एक हरलो, मग ओळीने दोन जिंकलो. मोजणीदार हे नाव गेलं नाही, पण त्यातला सूर बदलला. मला मात्र नव्याने शिकायला लागलं. अंगठ्याचा खेळ बुटात चालत नाही. मागून पाय घालायला गेलं की स्टड समोरच्याच्या पोटरीवर बसतो आणि शिट्टी वाजते. कप्तान रोज तासभर माझ्याकडून एकच गोष्ट घोकून घ्यायचा, चेंडू चोरू नकोस, वाट अडव. मला ते फार जड गेलं. चोरायची सवय सुटता सुटत नव्हती.

शेवटच्या सामन्यापर्यंत हिशेब असा येऊन ठेपला, की बरोबरी केली तरी आम्ही पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकणार आणि हरलो तर खाली. समोर एका मोठ्या ऑफिसची टीम. त्यांचा लेफ्ट इन, म्हणजे डावीकडून घुसणारा फॉरवर्ड, त्या वर्षीचा मैदानावरचा राजा. उंच, केस मागे वळवलेले, लहानपणापासून बुटात खेळलेला, आणि हंगामात त्याने गोल केला नाही असा सामना नव्हता. लेफ्ट इन कोणाच्या वाट्याला येतो? राइट हाफच्या. सामना फोर्टाकडच्या मैदानावर होता. कप्तानाने पट्टी बांधताना मला एवढंच सांगितलं, की आज तुला चेंडू लागला नाही तरी चालेल, त्याला लागता कामा नये.

पावसाची भुरभुर चालू होती आणि मधल्या भागात नुसता चिखलाचा राडा. सुरुवातीलाच त्याने मला दोनदा झुलवलं आणि दोन्ही वेळा मागच्या बॅकने निभावलं. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की डावीकडे वळायच्या आधी हा गडी एक क्षण आपल्या पायाकडे बघतो. त्यानंतर मी चेंडूकडे बघायचं सोडलं आणि त्याच्या मानेकडे बघायला लागलो. मान खाली गेली की मी डावीकडे हजर. तो पाणी प्यायला गेला तरी मी त्याच्यामागे. तो वैतागला. त्याने कोपर मारलं, ढकललं, आईवरून बोलला. माझा स्वभाव काही गरीब नव्हे, एरवी मी तिथेच त्याचं थोबाड रंगवलं असतं. पण चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर होती आणि मी मैदानाबाहेर काढला गेलो असतो तर त्याला मोकळं रान मिळालं असतं. शेवटी तो म्हणाला, अरे, घरी जायचं नाही का तुला? मी म्हटलं, तू गेलास की जातो.

शेवटची पाच मिनिटं असतील. तो एकदाच सुटला. माझा पाय चिखलात सरकला, तो माझ्या बगलेतून निघाला आणि समोर फक्त आमचा गोलकीपर. मी मागून पोचलो तेव्हा चेंडू त्याच्या दोन पायांच्या मधोमध होता, अगदी माझ्या अंगठ्याच्या मापात. सगळं अंग म्हणत होतं, घाल पाय. घातला असता तर पेनल्टी होती. मी पाय आवरला. त्याला वळसा घालून जीव खाऊन पुढे पळालो आणि त्याने फटका मारला त्या क्षणी मधे येऊन उभा राहिलो. चेंडू माझ्या नडगीवर बसला आणि बाहेर गेला. नडगीवर अजून खळगा आहे, हवं तर दाखवतो. कॉर्नर झाला, कप्तानाने डोक्याने तो पार मधल्या रेषेपर्यंत उडवला, आणि शिट्टी वाजली. शून्य-शून्य.

आम्ही चिखलात लोळलो. साहेब छत्री घेऊन बाजूला उभे होते. टीम टिकली म्हणून ते खूश होते, पण माणूस फाइलीचा. मला जवळ बोलावून म्हणाले, की तुझ्याबद्दल मला वर लिहायचंय, आणि आज सबंध सामन्यात तुला मी चेंडू घेऊन फारसा पाहिलाच नाही, मी लिहू काय? कप्तान मागे उभा होता, अंगभर चिखल, डोळे तेवढे दिसत होते. त्याने विचारलं, "साहेब, त्यांच्या लेफ्ट इनला पाहिलंत?"

साहेबांनी आठवून पाहिलं. "तो आज खेळत होता का?"

"तेच लिहा," कप्तान म्हणाला.

नऊ दिवसांनी पत्र आलं. स्टोअर्समध्ये सर्वांदेखत साहेबांनी ते माझ्या हातात दिलं आणि पहिल्यांदा माझ्याशी हात मिळवला. मी तीनला सुटलो तो घरी न जाता तसाच अंधेरीला निघालो. आईला आधी सांगायला हवं होतं, कळतंय मला. पण तोवर आम्ही दुसरीकडे बघत राहणार, हे वाक्य सबंध दोन महिने माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. गाडीत एकच विचार, तिचं ठरलं असलं तर? स्टेशनवर उतरलो तो पाऊस. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पत्र, आणि मी पळतोय.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. मी दम खात पत्र पुढे केलं आणि म्हणालो, परमनंट झालो. त्यांनी पत्राकडे बघितलंच नाही. म्हणाले, तुमच्या शेवटच्या सामन्याला मी आलो होतो, ऑफिसातून लवकर निघून. मला ठाऊकच नव्हतं. दोरीबाहेर छत्र्यांची एवढी गर्दी, त्यात एक छत्री त्यांची होती.

"मला खेळातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "पण तो उंच मुलगा तुम्हाला तासभर ढकलत होता, नको नको ते बोलत होता. तुम्ही ना हात उगारलात, ना त्याला सोडलंत. मुलीसाठी माणूस कसा पारखायचा हे मला समजत नाही, म्हणून मी आपलं परमनंट विचारायचो. त्या संध्याकाळी घरी आलो आणि हिच्या आईला सांगितलं, आता दुसरीकडे बघायचं नाही. तुमच्या आईंना कालच पत्रही टाकलंय, मिळालं नाही अजून?"

म्हणजे नऊ दिवस मी ज्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो, ते शिट्टी वाजली तेव्हाच झालेलं होतं. त्या शून्य-शून्यात मी काय केलं ते नीट पाहणारा एक माणूस बाहेर उभा होता आणि मला पत्ताही नव्हता. माझे डोळे भरून आले. पुसायचे तर हात मोकळा नाही, एकात छत्री, दुसऱ्यात पत्र. मी तसाच उभा राहिलो. शेवटी त्यांनीच पत्र माझ्या हातातून घेतलं, न वाचता घडी घालून माझ्या कोटाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आत या. ती केव्हाची दाराआड उभी आहे."